चतुराच्या शेपटीचा दोरा

पावसाळा सरत आला की धानाच्या बांध्यांवर चतुरांचे थवे तरंगू लागतात. त्यातला एक अलगद पकडायचा, शेपटीला दोरा बांधायचा आणि पतंगासारखा उडवायचा, हा खेळ पोरांना कुणी शिकवावा लागत नाही. २०१३ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या रॉबर्ट वुड यांच्या गटाने ‘रोबोबी’ ही यंत्रमाशी हुकमानुसार उडवून दाखवली, तेव्हा तिच्या मागेही असाच दोरा होता. वजन ८० मिलिग्रॅम, पंखांचा पसारा ३ सेंटिमीटर, सेकंदाला १२० फडके. पण केसाइतक्या बारीक तारेतून वीजही बाहेरून येत होती आणि हुकूमही.

विज्ञानकथेत हा दोरा पहिल्याच पानावर तुटतो. कृत्रिम बुद्धिमत्ता शहरातल्या कुठल्याशा संगणकातून निघते, मधमाशीएवढ्या यंत्रात शिरते आणि ताडोबावर भिरभिरू लागते. ती वाघ मोजते, शिकारी हेरते, वणव्याची वर्दी देते. ती थकत नाही, दिसत नाही आणि मरतही नाही. ही कल्पना मला मुळातच चुकीची वाटते. तरीही यंत्रमाशीची कथा लिहू नये असे मी म्हणणार नाही. ती लिहावी, आणि चंद्रपूर-गडचिरोलीतच लिहावी, असे माझे म्हणणे आहे. पण आधी पूर्वपक्ष.

पूर्वपक्ष पोकळ नाही. त्याचा पहिला मुद्दा असा: बुद्धी म्हणजे आज्ञावली आणि शरीर म्हणजे तिचा डबा, डबा बदलला तरी आतला माल तोच. दाखला हाताशी आहे. ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठेत गावाच्या कडेला कॅमेरे बसले आहेत. वाघ समोर आला की यंत्र त्याला ओळखते आणि गावकऱ्यांच्या मोबाइलवर इशारा जातो. इथे डोळा खांबावर आहे आणि बुद्धी यंत्रात. मग त्या डोळ्याला पंख लावले तर बिघडले कुठे?

बिघडते ते इथेच. खांब पडू नये म्हणून कॅमेऱ्याला काही करावे लागत नाही. माशीला क्षणोक्षणी स्वतःला सावरावे लागते, आणि हे सावरणे सगळे डोक्यातून होत नाही. मधमाशीचे पंख सेकंदाला सुमारे २३० वेळा हलतात, पण तितके हुकूम मेंदू सोडत नाही. एका संदेशावर छातीतले स्नायू कितीतरी वेळा आखडतात. स्नायू आणि छातीचे लवचीक कवच एकमेकांना ताणत राहतात, जसा झोपाळा अधूनमधून दिलेल्या एका रेट्यावर झुलत राहतो. घरमाशीचे मागचे पंख झिजून दोन बारीक मुगदळे झाली आहेत. अंग कलले की ती जाणवून देतात. १९९६ साली केंब्रिजमध्ये चार्ल्स एलिंग्टन यांच्या गटाने धुराच्या साहाय्याने दाखवले की पतंगाच्या पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा भोवरा चिकटून राहतो आणि तोच त्याला उचलून धरतो. म्हणजे उडण्याचे निम्मे शहाणपण पंखात, कवचात आणि हवेत वाटलेले आहे. डबा काढून घेतला की मालही निम्मा जातो.

आपल्याकडे परकायाप्रवेशाची कल्पना जुनी आहे, म्हणून ही चूक आपल्या पटकन लक्षात येत नाही. पण ती आख्यायिका नीट आठवून पाहावी. मंडनमिश्रांच्या पत्नीशी झालेल्या वादात शंकराचार्य अडले आणि अमरू राजाच्या मृत देहात शिरले. पुढे काय झाले? ते त्या देहात रमले, आणि आपण कोण हे शिष्यांना येऊन आठवून द्यावे लागले. खुद्द आख्यायिकाही देहाला निव्वळ डबा मानत नाही. आचार्यांची ही गत झाली, तर संगणकातून निघालेली बुद्धी माशीच्या अंगात जशीच्या तशी राहील हे कशावरून?

पूर्वपक्षाचा दुसरा मुद्दा लहानपणाचा आहे. जे लहान ते सगळीकडे शिरते आणि कुणाला दिसत नाही, म्हणून कीटकाचा देह हा सर्वसाक्षी होण्याचा सोपा मार्ग. हे लिहिणाऱ्याने मे महिन्यात ब्रह्मपुरीला दोन दिवस काढावेत. पारा ४५ च्या वर जातो. मोठे जनावर हळूहळू तापते; मिलिग्रॅमचा देह पाहता पाहता हवेइतका तापतो, आणि त्याच्यात पंखा बसवायला जागा नसते. मधमाश्यांनी यावर काढलेला एक उपाय म्हणजे पाणी. त्या पाणी वाहून आणतात, पोळ्यावर पसरतात आणि वाफ होऊ देतात. उन्हाळ्यात हातपंपाखालच्या चिखलावर माश्यांची दाटी होते ती यासाठीच.

मग पाऊस. पाच मिलिमीटर व्यासाच्या एका थेंबाचे वजन साधारण ६५ मिलिग्रॅम भरते, म्हणजे रोबोबीच्या वजनाच्या जवळपास. भामरागडमध्ये पर्लकोटा नदीला पूर आला की माणसांचा रस्ता बंद होतो. यंत्रमाशीचा रस्ता पहिल्याच सरीत बंद होईल. त्यातून वाचली तर तारेवर वेडा राघू बसलेला असतोच. समोरून उडणारे खाद्य की सरकारी मालमत्ता, याची चौकशी तो करणार नाही.

‘बॅटऱ्या सुधारतील,’ असे उत्तर येईल. सुधारतीलच. २०१९ साली हार्वर्डचीच २५९ मिलिग्रॅमची यंत्रमाशी तारेशिवाय उडाली; पण तिला कडक उन्हाच्या तिप्पट उजेड लागला आणि ते उड्डाण सेकंदभरही टिकले नाही. २०२५ साली एमआयटीतल्या ७५० मिलिग्रॅमच्या यंत्रकीटकाने १००० सेकंद तग धरला, तोही वीज बाहेरून घेऊन. हे आकडे वाढत जातील. पण पावसाचा थेंब हलका होणार नाही, लहान अंगाला हवा अधिक चिकट लागते ते बदलणार नाही, आणि चंद्रपूरचा उन्हाळाही ओसरणार नाही. विज्ञानकथेला यंत्र सुधारण्याची मुभा आहे. आकारमानाचे नियम गुपचूप रद्द करण्याची नाही.

अदृश्यपणाचे तर नावच नको. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला, आणि वनखाते थर्मल ड्रोनने त्याचा माग घेऊ लागले. हत्ती मधमाश्यांच्या गुणगुणीला बिचकतात, हे लूसी किंग यांनी केनियात दाखवले आहे. आफ्रिकेत ड्रोनच्या आवाजानेही हत्ती पिकातून मागे हटले आहेत. म्हणजे माशीचे अंग घेतलेली बुद्धी नुसती पाहत बसूच शकत नाही. पंख हलले की जंगल ऐकते, आणि साक्षीदार म्हणून आलेला पाहुणा घटनेचाच भाग होऊन बसतो.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. त्यांना यंत्रमाशीच नको. हे परदेशी खूळ, आदिवासींच्या जंगलाला न शोभणारे, असे ते म्हणतात. यांचे खंडन अधिक निकडीचे आहे, कारण त्यांच्या बोलण्याला आस्थेचा मुलामा असतो. ज्या गावांच्या वेशीवर वाघ ओळखणारे यंत्र आहे आणि डोक्यावर हत्तींचा माग घेणारे ड्रोन आहे, त्या गावांना उद्याची कथा शोभत नाही, हे ठरवणारे आपण कोण? जंगलाने सदैव कालचेच असावे, ही शहराची हौस आहे.

धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा पाहा. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारे हे गाव. इथे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसतात. त्यांनी मधाचाही अभ्यास केला. आग्यामोहोळाला आग लावून मध काढायची जुनी रीत सोडून, माश्या न मारता मध काढण्याचे तंत्र शिकून घेतले. माशीच्या देहाचा, तिच्या रागाचा आणि पोळ्यातल्या मधाच्या भागाचा अभ्यास ज्या गावाने केला, त्या गावात यंत्रमाशीची कथा परकी कशी?

खरी कथा इथूनच सुरू होते, आणि माझे मंडन तेवढेच आहे. कीटकाचा देह घेतलेली बुद्धी लिहायची तर तिला त्या देहाची बंधने द्यावीत. आग्यामाशी एकटी फार काही करू शकत नाही. गांधीलमाशी जवळ आली की पोळ्यावरच्या शेकडो माश्या क्रमाने पोट उचलतात, अंगावरून लाट सरकते आणि शत्रू मागे फिरतो. ती लाट कुणा एका माशीच्या डोक्यात नसते. पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांना १९६४ मध्येच हे उमगले होते. ‘द इन्व्हिन्सिबल’ या कादंबरीत त्यांनी माशीएवढी मंदबुद्धी यंत्रे रंगवली. एकेकटी क्षुल्लक, पण एकत्र आली की अवकाशयानातल्या माणसांना हतबल करणारी. त्याआधी १९५७ साली एर्न्स्ट युंगर यांच्या कादंबरीतल्या काचेच्या माश्या फुले इतकी कोरडी करत की खऱ्या माश्यांना काही उरू नये. या दोघांनी यंत्राला आधी देह दिला आणि त्या देहातून काय निपजते ते पाहिले.

युंगर यांच्या माश्यांनी आणखी एक प्रश्न पुढे ठेवला आहे: माशी कुणाची? आपल्या संतसाहित्यात भृंगकीटकन्याय येतो: कुंभारीण माशी अळीला मातीच्या घरट्यात कोंडते, अळी तिचाच ध्यास घेते आणि स्वतः कुंभारीण होते. प्रत्यक्षात अळी लुळी करून आत ठेवलेली असते आणि कुंभारणीचे पिल्लू ती खाऊन बाहेर पडते. उपमा सुंदर आहे, म्हणून घरट्यात काय घडते ते पाहायचे राहून गेले. जंगलात सोडलेल्या यंत्रमाशीबद्दलही हेच विचारले पाहिजे. तिने पाहिलेले कुणाच्या पिल्लाच्या पोटात जाणार? मोहफुले वेचणाऱ्या बाईची वाट, मधाच्या झाडाचा पत्ता, तेंदूपाने जमा करायच्या फळीवरची माणसे. हे सगळे टिपून ती कुणाला देणार?

म्हणून कथेतला मोठा प्रसंग आभाळात घडणार नाही, ग्रामसभेत घडेल. यंत्रमाशीला जंगलात येऊ द्यायचे का, यावर गाव बसेल. एकाचा जरी आक्षेप राहिला तरी निर्णय पुढच्या बैठकीवर जाईल. नवे घर निवडताना मधमाश्यांचा थवाही शोधकरी माश्यांच्या नाचातून हळूहळू एकमतावर येतो. पण माशीला अभ्यासगट बसवता येत नाही आणि ‘कुणासाठी?’ हा प्रश्नही सुचत नाही. तो माणसाला सुचतो. यंत्राला तो सुचेल का, इथे विज्ञानकथेची खरी कसोटी आहे.

तेव्हा लेखकांना विनंती एवढीच. यंत्रमाशी जरूर उडवा. पण दोरा तोडण्याआधी त्याचे दुसरे टोक कुणाच्या हातात आहे ते पाहा. आणि पहिला प्रसंग ताडोबाच्या आभाळात लिहू नका. मे महिन्यातली दुपार घ्या, गावातला हातपंप घ्या, आणि तुमच्या त्या महाबुद्धीला तहान लागू द्या. तिथे पाणी भरायला आलेली बाई तिला पाहील. पुढचे संभाषण त्या बाईनेच सुरू करावे.