परतीच्या तेलाची वाट
बालाघाटाहून भरवेलीच्या मँगनीज-खाणीकडे धावणाऱ्या डिझेल गाडीला नव्याने बसविलेल्या टर्बोला तेल पोहोचविण्याची तजवीज जितक्या आस्थेने केली जाते, तितकीच आस्था ते परत आणणाऱ्या नळीविषयीही कारागिराने बाळगणे अगत्याचे आहे. कारण मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकणाऱ्या टर्बोच्या आसाला वंगण देऊन फेसाळलेले ते तेल पंपाच्या दाबाने नव्हे, केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते. म्हणून ऑइल चेंबर उतरवून, छिद्र पाडून व धातूचा कीस निःशेष धुऊन जोडलेली ती नळी रुंद, सतत उतरती आणि तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी असावी. या बंदोबस्तात हयगय झाली, तर तुंबलेले तेल सील ओलांडून निळ्या धुराच्या रूपाने जळून जाते, आणि दोष टर्बोच्या माथी येऊन गाडीमालकास नाहक भुर्दंड सोसावा लागतो.