दसऱ्याचा झेंडू आणि मागणीचा नियम

बारावीच्या अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येकाला हे उत्तर ओळखीचे असेल. वर ठळक अक्षरांत ‘सहमत’, खाली मागणीच्या नियमाची बिनचूक व्याख्या, मग मार्शलचे नाव, ओळीने गृहीतके आणि पट्टीने काढलेली आकृती. दिलेल्या विधानाशी मात्र यातल्या कशाचाच संबंध नाही. ‘मुले अभ्यास करत नाहीत’ ही आपली नेहमीची तक्रार इथे टिकत नाही. अभ्यास झालेला आहे, भरपूर झालेला आहे.

गोंधळ कुठे होतो ते पाहा. किंमत वाढली की मागणी घटते, असे आपण फळ्यावर लिहितो. दसऱ्याला तोच मुलगा बाजारात जातो, तर झेंडू महाग आणि खपही नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. दुसऱ्या दिवशी भाव कोसळतो आणि फुलांना कोणी विचारत नाही. त्याच्या दृष्टीने नियम उघडउघड खोटा ठरला. तो वर्गात विचारत नाही. पुस्तक वेगळे आणि बाजार वेगळा, असे मनाशी ठरवून टाकतो. सणामुळे अख्खा मागणी वक्रच उजवीकडे सरकला, ही वृद्धी आहे, विस्तार नव्हे, हे त्याला तिथेच दाखवता आले असते. ‘इतर परिस्थिती कायम असताना’ ही अट आपण मंगलाचरणासारखी म्हणून पुढे जातो. सगळा नियम तर तिच्यावरच उभा आहे.

आकृतीचेही तेच. दहावीपर्यंत बीजगणितात मुले आडव्या अक्षावरच्या संख्येवरून उभ्या अक्षावरची काढायला शिकतात. बारावीत आपण सांगतो की किंमत हे कारण आणि मागणी हा परिणाम, आणि किंमत उभ्या अक्षावर मांडतो. मार्शलच्या 1890च्या ग्रंथात आधी नग येतात आणि त्या नगांसाठी ग्राहक जी किंमत द्यायला तयार आहे ती नंतर. तिथून ही रीत रुळली. हे सांगायला दोन मिनिटे लागतात. ती दिली नाहीत, तर आलेख हे नुसते उतरवून काढायचे चित्र होते. मग लवचिकतेत मुलगा उतार पाहून उत्तर देतो. एकाच सरळ रेषेवर मध्यबिंदूच्या वर लवचिकता एकाहून जास्त आणि खाली कमी असते, हे सूत्र मात्र त्याला तोंडपाठ असते.

गाईडांना आणि अपेक्षित प्रश्नसंचांना दोष देणे सोपे आहे. पण विधान न वाचता लिहिलेल्या व्याख्येला ‘काहीतरी लिहिले आहे’ म्हणून गुण देणारे आपणच. मंडळाच्या 80 गुणांची प्रश्नपत्रिका आपल्या हाती नाही. अंतर्गत 20 गुण आहेत. त्यात एकदा तरी व्याख्या न विचारता बाजारातली एखादी ताजी घडामोड द्यावी आणि एवढेच विचारावे: कोणता वक्र सरकला, कोणत्या बाजूला, आणि का?