पत्ता विचारणारे जंगल

कॅलिफोर्नियातील पालो आल्टो हे शहर जगाला ठाऊक आहे ते संगणक उद्योग आणि शेजारच्या स्टॅनफर्ड विद्यापीठामुळे. या शहराच्या मालकीचे सुमारे १,४०० एकरांचे एक जंगलही आहे आणि त्याच्या फाटकावर जवळपास पन्नास वर्षे पाहुण्याचा पत्ता तपासला जात होता, ही गोष्ट त्यामानाने कमी जणांना माहीत असेल. या जंगलाचे नाव फूटहिल्स पार्क. २०२१ मध्ये त्याचे नामांतर 'फूटहिल्स नेचर प्रिझर्व्ह' असे झाले. त्याआधीच्या वर्षी तेथे जे घडले, ते केवळ एका नगरपालिकेपुरते नव्हते.

ओकची झाडी, हरणे, बॉबकॅट, क्वचित प्यूमा, बोरोंडा नावाचा तलाव आणि माथ्यावरून थेट सॅन फ्रान्सिस्को उपसागरापर्यंत पोहोचणारी नजर, असे हे स्थळ. डॉ. रसेल ली यांच्याकडून शहराने १९५०च्या दशकाच्या अखेरीस ही जमीन एकरी सुमारे हजार डॉलर दराने घेतली. खर्चात वाटा उचलण्यास शेजारच्या गावांनी नकार दिला. मग ज्यांनी पैसे मोजले त्यांनीच उपभोग घ्यावा, हा युक्तिवाद पुढे आला. १९६५ मध्ये उद्यान खुले झाले आणि १९६९ मध्ये केवळ रहिवाशांना प्रवेश देणारा नियमही आला. बाहेरच्या माणसाला रहिवाशाचा पाहुणा म्हणून जाता येई. नियम मोडल्यास तो फौजदारी गुन्हा ठरे आणि कायद्यात हजार डॉलर दंड व सहा महिने कैदेपर्यंतची तरतूद होती. झाडाखाली फिरल्याबद्दल कैद!

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले, तर हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. परंतु 'रहिवासी' या शब्दात एक इतिहास दडलेला होता. विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात कृष्णवर्णीयांना या परिसरात घर घेणे करारांतील अटींमुळे आणि कर्जनाकारणीमुळे जवळजवळ अशक्य होते. आजही शहरात त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी आहे. ज्याला तेथे घर घेऊ दिले नाही, त्यालाच पुढे 'तू येथला रहिवासी नाहीस' असे सांगून जंगलाबाहेर ठेवायचे, असा हा दुहेरी व्यवहार होता. महामार्गापलीकडच्या ईस्ट पालो आल्टोतील कुटुंबांना तो सर्वाधिक जाचला. सनीव्हेल वा फ्रीमॉन्टमध्ये राहणाऱ्या मराठी अभियंत्यांची कुटुंबेही याच रेषेबाहेर होती. पण त्यांच्याबाबत हा योगायोग होता, इतरांबाबत तसे म्हणता येत नाही.

जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध जी लाट उसळली, तिचा धक्का या फाटकालाही बसला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या साह्याने दावा दाखल झाला. एनएएसीपी ही संघटना आणि निवृत्त न्यायाधीश लाडोरिस कॉर्डेल हे वादींपैकी होते. संचार व सभास्वातंत्र्यावर या नियमाने गदा येते, हा दाव्याचा गाभा. प्रकरण निकालापर्यंत गेलेच नाही. शहराने तडजोड केली आणि १७ डिसेंबर २०२० रोजी उद्यान सर्वांना खुले झाले.

लगेच दुसरी बाजू दिसली. महासाथीमुळे घरात कोंडलेले लोक मोठ्या संख्येने आले. एका वेळी ७५० जणांची ठरवलेली मर्यादा प्रशासनाला लवकरच खाली आणावी लागली आणि २०२१ मध्ये वाहनामागे सहा डॉलर शुल्कही सुरू झाले. 'आम्ही सांगत होतोच', असे म्हणायला जुन्या नियमाचे पुरस्कर्ते मोकळे झाले. त्यांची चिंता सर्वस्वी खोटी नव्हती. उन्हाळ्यात वाळलेले गवत, वर चढणारा वळणावळणाचा पेज मिल रस्ता आणि वणव्याचा धोका या खऱ्या गोष्टी आहेत. मात्र गर्दीला आळा घालण्याचे उपाय संख्या आणि वापर यांवर बेतता येतात, हे या शहराला पूर्वीपासून ठाऊक असायला हवे होते.

कारण शेजारीच त्याच शहराचे, सुमारे ६२० एकरांचे पिअर्सन-अरास्त्रादेरो राखीव क्षेत्र आहे. तेथे रहिवासाची अट कधी नव्हती. पायी चालणारे, घोडेस्वार आणि माउंटन बायकिंग करणारे एकाच पायवाटांवरून जातात. पावसाने माती ओली झाली की काही वाटा सायकली व घोड्यांसाठी बंद होतात. चिखलात उमटलेला चाकाचा चर वाळून वर्षभर राहतो, एवढे साधे त्यामागचे कारण. याउलट फूटहिल्समध्ये सायकल डांबरी रस्त्यापुरतीच. पायवाटा केवळ चालणाऱ्यांच्या. लॉस ट्रान्कोसच्या लांब वेढ्यावर फिरणाऱ्याला मागून येणाऱ्या चाकांची धास्ती बाळगावी लागत नाही. माउंटन बायकिंगचा खेळ १९७०च्या दशकात याच उपसागराच्या उत्तरेला, माउंट टमलपायसच्या उतारांवर वाढला. तेव्हापासून चालणारे विरुद्ध सायकलस्वार हा वाद या टेकड्यांना नवा नाही. आसपासची राखीव क्षेत्रे सांभाळणाऱ्या मिडपेनिन्सुला जिल्ह्याने सायकलींसाठी ताशी १५ मैल आणि कुणाला ओलांडताना ५ मैल अशी वेगमर्यादा घातली, हेल्मेट सक्तीचे केले. वाद संपले नाहीत, पण ते वेगाबद्दल आणि वाटांबद्दल आहेत. कोण कुठे राहतो याबद्दल नाहीत.

फूटहिल्सच्या फाटकावर आता पत्ता विचारत नाहीत. मात्र तेथवर सार्वजनिक बस जात नाही. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याने पेज मिलचा चढ सायकलने चढावा, नाहीतर घरी थांबावे. ईस्ट पालो आल्टोतील मोटार नसलेल्या कुटुंबाला २०२० च्या तडजोडीतून काय मिळाले, हा प्रश्न त्या दाव्याच्या कागदांत नव्हता.