जंगल कोणासाठी, बाग कोणाची?

३० जानेवारी १९९५ रोजी दिल्लीच्या अशोक विहार भागात अठरा वर्षांच्या एका तरुणाला बेदम मारहाण करून ठार करण्यात आले. त्याचा अपराध एवढाच की, वझीरपूरच्या झोपडवस्तीत पुरेशी शौचालये नसल्याने तो लगतच्या मोकळ्या जागेत प्रातर्विधीस गेला होता. भिंतीपलीकडच्या घरमालकांच्या लेखी ती जागा म्हणजे त्यांची बाग होती. मारणाऱ्यांत दोन पोलीस शिपाईही होते. निषेधार्थ जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात आणखी चौघे बळी पडले.

शहरातील हिरवी जमीन कोणाची, हा प्रश्न त्या दिवशी रक्ताने लिहिला गेला. तो अद्याप सुटलेला नाही.

दिल्लीचा रिज हा अरवलीचा उत्तरेकडील अखेरचा कणा. वाळवंटाकडून येणारी धूळ तो अडवितो, पावसाचे पाणी जमिनीत मुरवितो. १९९४ च्या मे महिन्यात सुमारे ७,७७७ हेक्टर रिज राखीव वन करण्याची प्राथमिक अधिसूचना निघाली. बहुतांश भागाची अंतिम अधिसूचना मात्र पुढे तीन दशके रेंगाळली. या दिरंगाईचा लाभ कोणी उठविला, हे सांगावयास नको.

जंगलरक्षणाचा कायदा सर्वांना सारखाच लागू होतो, असे म्हटले जाते. व्यवहार काय सांगतो? दिल्लीला खेटून असलेल्या फरीदाबादच्या खोरी गावात अरवलीच्या वनजमिनीवर सुमारे दहा हजार घरे होती. मूळ वस्ती दगडखाणींच्या मजुरांची. ७ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सहा आठवड्यांत हटविण्याचा आदेश दिला आणि महामारीच्या काळात, भर पावसाळ्यात घरांवर बुलडोझर फिरला. त्याच अरवलीतील फार्महाऊसे व मंगल कार्यालये यांवरील व्यापक कारवाई मात्र २०२५ पर्यंत लांबली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर खुद्द दिल्ली विकास प्राधिकरणाने रस्तारुंदीसाठी दक्षिण रिज परिसरातील सुमारे १,१०० झाडे न्यायालयाच्या परवानगीविना तोडली. २०२५ साली न्यायालयाने हा अवमान ठरविला.

यावरून जंगलाचे रक्षणच नको, असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. सर्वत्र फरसबंदी, दिवे आणि हिरवळीचे गालिचे पसरले की जंगल उरत नाही. उरते ती शोभेची बाग. वातानुकूलित खोलीत दार लावून बसण्याची सोय ज्यांना नाही, त्या बांधकाम मजुराला व हातगाडीवाल्याला जिवंत जंगलाची गरज इतर कोणाहून अधिक आहे.

निसर्ग व लोकवापर यांचा मेळ घालता येतो, याचा पुरावा दिल्लीतच आहे. वझीराबादजवळच्या यमुना जैवविविधता उद्यानात, प्राधिकरण व दिल्ली विद्यापीठाच्या सहकार्यातून, एक भाग लोकांसाठी खुला ठेवला आहे, तर दुसरा पक्ष्यांसाठी व पाणथळीसाठी राखला आहे. गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानात जुन्या खाणींनी पोखरलेल्या सुमारे ३८० एकर जमिनीवर २०१० पासून स्थानिक झाडांचे वन उभे राहिले. नागरिक तेथे रोज पायवाटांनी फिरतात. म्हणून जंगल मेले नाही. उलट २०१९ मध्ये त्यातून महामार्ग नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हेच फिरणारे लोक त्याच्या रक्षणास उभे राहिले.

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. जंगलाचा गाभा वन्य जीवांसाठी राखा. त्याच्या कडा सर्वांना विनाशुल्क खुल्या करा. प्रत्येक कामगार वस्तीजवळ बाग, पाणी व शौचालय द्या. पुनर्वसनाविना एकही घर पाडू नका. आणि सीमा ठरविताना वस्तीतील माणसांनाही बैठकीत स्थान द्या. ज्या जंगलाच्या दारातून गरिबाला हाकलले जाते, ते उद्या मोटाररस्त्याच्या आड आले तर त्याच्या बाजूने उभे राहण्यास कोण उरेल?