पालखीमार्ग चालणाऱ्याच्या पायांनी मोजा

प्रति,
पर्यटन व सांस्कृतिक कार्य विभाग,
महाराष्ट्र शासन



आळंदीहून पंढरपूरला जाणारी वाट आता महामार्ग होते आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी या चौपदरीकरणाची पायाभरणी केली. माउलींच्या मार्गावर दिवेघाट ते मोहोळ सुमारे २२१ किलोमीटर आणि तुकोबांच्या मार्गावर पाटस ते तोंडले-बोंडले सुमारे १३० किलोमीटर. दोन्ही अंगांना पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट, तिच्या कडेने सावलीची झाडे आणि ठिकठिकाणी पिण्याचे पाणी, हे त्याच दिवशी बोलले गेले. रस्ता रुंद व्हायलाच हवा होता. २०१९ च्या नोव्हेंबरात दिवेघाटात नामदेवरायांच्या दिंडीत जेसीबी घुसला आणि वारकऱ्यांचे जीव गेले, हे कोणी विसरलेले नाही.

रस्ता बांधणारे खाते तुमचे नाही, हे मला ठाऊक आहे. पण पर्यटन आणि पुरातत्त्व ही दोन्ही कामे तुमच्याकडे आहेत, आणि रुंदीकरणात जे हरवते आहे ते नेमके या दोन कामांच्या मधले आहे.

या वाटेवर काय काय आहे ते पाहा. दिवेघाटाखाली मस्तानी तलाव. सासवडला सोपानकाकांची समाधी. जेजुरीला होळकर आणि पेशवे तलाव. नीरेच्या काठी माउलींच्या पादुकांना स्नान घालतात तो दत्तघाट. लोणंद सोडल्यावर पहिले उभे रिंगण होते तो चांदोबाचा लिंब. वेळापुरात यादवकालीन अर्धनारीनटेश्वर. मंदिरांची नोंद कुठे ना कुठे सापडेल. पण विसाव्याचे पार, पायऱ्यांच्या विहिरी, गावाबाहेरच्या धर्मशाळा, दिंडीने पिढ्यान्‌पिढ्या तळ टाकलेली जागा, यांची नोंद कोणाकडे? ज्याची नोंद नाही त्याची मोजणीच्या नकाशावर फक्त अडथळा म्हणून खूण होते.

झाडांचेच घ्या. पुण्याहून पंढरीला जाणाऱ्या रस्त्याचे जुने वड रुंदीकरणात गेले. फलटणच्या पुढे, माळशिरसाकडे, आषाढाच्या तोंडावरही आभाळ नुसते भरून येते, पाऊस पडत नाही. उन्हात तापलेल्या काँक्रीटवरून अनवाणी चालणाऱ्या म्हाताऱ्या माउलीला वडाची सावली म्हणजे काय असते, हे रस्त्याच्या अंदाजपत्रकात लिहिता येत नाही. शोभेची झुडपे लावून ती सावली परत येणार नाही. वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब लावा, आणि ते जगेपर्यंत पाणी घालण्याचे काम मोबदला देऊन त्या त्या गावाला द्या.

वारीचे पुनरुज्जीवन करण्याची गरज नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली, एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली, आणि लाखो पाय आजही चालतात. गरज आहे ती वाटेची वर्षभर काळजी घेण्याची. पालखी पुढे गेली की तळ ओस पडतो, विहिरीत कचरा साचतो आणि पुढच्या आषाढात गाव पुन्हा टँकरवर येते. विहिरी उपसल्या, पार दुरुस्त केले, तर याच वाटेने हिवाळ्यात चार-चार दिवस चालणारी माणसे येतील. त्यांना रिसॉर्ट नको. गावातल्या घरी पडवीत झोपायला जागा, भाकरी-पिठले आणि स्वच्छ न्हाणीघर पुरे. तो पैसा त्या घरात राहील. गाडीतून येऊन फोटो काढून जाणाऱ्यांसाठी वाहनतळ आणि कमानी बांधल्यात, तर तो पैसा ठेकेदाराकडे जाईल आणि गावाला कचरा उरेल.

मागणी एकच आहे. उरलेल्या कामाची पुढची खोदाई होण्याआधी पुरातत्त्व संचालनालयाच्या माणसांनी दोन्ही मार्ग पायी चालून पाहावेत. सोबत चोपदार, दिंडीप्रमुख आणि गावोगावचे जुने जाणते घ्यावेत. त्यांना विचारून प्रत्येक विहीर, पार, घाट, तळ आणि जुने झाड यांची यादी करावी आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. राज्य संरक्षित स्मारक होण्याइतके जे मोठे नाही, त्याच्या देखभालीसाठी ग्रामपंचायतीला थेट निधी द्यावा. ही यादी महामार्ग प्राधिकरणाच्या हाती उरलेले काम सुरू होण्यापूर्वी पडली पाहिजे. काम संपल्यावर तिचा उपयोग फक्त पुस्तक छापायला होईल.

आपला,
माउलींच्या सोहळ्यातला एक वारकरी