४४३ धावांनंतरही न उघडलेले दार

देशांतर्गत क्रिकेटला प्रतिष्ठा मिळवून देण्याची भाषा अलीकडे वारंवार कानी पडते. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने राष्ट्रीय संघाच्या दावेदारांना देशांतर्गत सामने खेळणे बंधनकारक केले. निर्णय स्वागतार्हच; पण रणजी करंडकातील धावांचे निवड समितीच्या लेखी नेमके मोल किती, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो प्रश्न किती जुना आहे, हे भाऊसाहेब निंबाळकरांच्या कारकिर्दीकडे पाहिले की कळते.

निंबाळकरांचा जन्म १९१९ मध्ये कोल्हापूरचा. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राने काठियावाडला २३८ धावांत गुंडाळले. त्यानंतर निंबाळकरांनी के. व्ही. भांडारकर यांच्यासह दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावांची भागीदारी केली. महाराष्ट्र ४ बाद ८२६ आणि निंबाळकर नाबाद ४४३ अशी स्थिती असताना खेळ मध्यंतरासाठी थांबला. डॉन ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ धावांचा जागतिक उच्चांक मोडण्यास अवघ्या १० धावा हव्या होत्या. परंतु आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला जाऊ नये, म्हणून काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी सामनाच सोडून दिला.

ही हकीकत आजवर गमतीचा किस्सा म्हणून सांगितली गेली. खरा अन्याय त्या हुकलेल्या १० धावांचा नव्हे. त्याच मोसमात वेस्ट इंडीजचा संघ भारतात होता आणि पाचपैकी तीन कसोटी अद्याप व्हायच्या होत्या. निंबाळकरांना त्यांपैकी एकाही कसोटीत स्थान मिळाले नाही. पुढेही कधीच नाही.

निवड समितीची बाजूही लक्षात घ्यायला हवी. विजय हजारे, रुसी मोदी, लाला अमरनाथ, मुश्ताक अली असे फलंदाज संघात होते आणि हजारे-मोदी जोडी त्या मालिकेत भरात होती. काठियावाडची गोलंदाजीही फारशी धारदार नव्हती. पण निंबाळकर एका डावाचे धनी नव्हते. महाराष्ट्र, बडोदा, होळकर, मध्य भारत, राजस्थान आणि रेल्वे अशा संघांकडून खेळताना रणजी सामन्यांत त्यांनी ५६ हून अधिक सरासरी राखली. इतके सातत्य दाखविणाऱ्यास एकही संधी न मिळणे हा केवळ दुर्दैवाचा भाग मानता येत नाही. पुढे राजिंदर गोयल, पद्माकर शिवलकर आणि अमोल मुझुमदार यांनाही कसोटीवाचूनच कारकीर्द संपवावी लागली.

आज पुण्याच्या क्रिकेटचे केंद्र पिंपरी-चिंचवडच्या दिशेने सरकले आहे. गहुंजेला आंतरराष्ट्रीय मैदान उभे राहिले. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीतून ऋतुराज गायकवाड घडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याने एका षटकात सात षटकार ठोकले, तेव्हा काही मिनिटांत ते साऱ्या देशाने पाहिले. निंबाळकरांच्या डावाला असा प्रेक्षक लाभला नव्हता. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळ्या करून मुलांना सरावाला धाडणाऱ्या पालकांना म्हणूनच आयपीएलचा लिलाव हाच खात्रीचा मार्ग वाटतो. त्यांना दोष देता येणार नाही. रणजीतील कामगिरीची कदर होईल, असा विश्वास त्यांना कोणी दिला आहे?

तो विश्वास केवळ सक्तीने निर्माण होणार नाही. निवडीचे निकष जाहीर करणे आणि सातत्याने धावा करूनही वगळलेल्या खेळाडूला त्याचे कारण सांगणे, एवढे तरी मंडळाला करता येईल. निंबाळकरांना २००२ मध्ये सी. के. नायडू पुरस्कार मिळाला. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते कोल्हापुरात निवर्तले. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च खेळी आजही त्यांच्याच नावावर आहे. उतारवयात केलेला सन्मान उमेदीच्या काळात नाकारलेल्या संधीची भरपाई करू शकत नाही, हे मंडळाने ध्यानात ठेवलेले बरे.