माती हवी, आजार नको

परवा सोसायटीच्या बागेत एक नातू मातीत हात घालायला धावला, तशी वरच्या गॅलरीतून हाक आली, "आई, मातीत नका सोडू हं त्याला, इन्फेक्शन होईल!" पोरगं एरवी सकाळभर शिंकत असतं. आजी मला म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठं होती गं ही अ‍ॅलर्जी?"

मला एक जुनी चूक आठवली. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकांनी १७ हजारांहून जास्त मुलांची माहिती तपासली. ज्या घरात भावंडं जास्त, तिथं परागकणांनी होणाऱ्या शिंका-सर्दीचं प्रमाण कमी दिसलं. भावंडांकडून लागणारे संसर्ग मुलांना अ‍ॅलर्जीपासून वाचवत असावेत, असा त्यांचा तर्क होता. हे कुठंतरी वाचून वस्तीतल्या बैठकीत मी सांगून टाकलं, "आजारपणानं पोरं घट्टच होतात."

पुढच्या महिन्यात एक आई म्हणाली, "ताई, म्हणूनच गोवराचा दुसरा डोस नाही दिला. गोवर येऊन गेलेला बरा ना?" माझ्या पोटात गोळाच आला. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन दवाखान्यात गेले आणि डोस देऊनच परतले.

अर्धवट ज्ञान असं महागात पडतं, बायांनो. माती, गुरंढोरं, आपलं आतडं यांतले निरुपद्रवी जंतू शरीराला आपलं-परकं ओळखायला शिकवतात, असं आता अनेक संशोधक मानतात. युरोपात गोठ्याच्या सहवासात वाढलेल्या मुलांत दमा कमी आढळला, तो यामुळेच असावा. गोवर काही असा मित्र नव्हे, तो जीव घेऊ शकतो. उलट, तान्हेपणी काही विषाणूंमुळे छाती घरघरली, तर पुढे दम्याचा धोका वाढलेला दिसतो.

माती म्हटली तरी डोळे उघडे हवेतच. भारतात गाजर गवताची पहिली नोंद १९५० च्या दशकात आपल्या पुण्यातच झाली. त्याच्या स्पर्शानं अंगाला खाज सुटते, परागकणांनी शिंका येतात. पोरं खेळतात तिथलं हे गवत फुलायच्या आधीच हातमोजे घालून उपटावं.

तेव्हा मुलांना अंगणात सोडा, घरी आल्यावर आणि जेवणाआधी साबणानं हात धुवा. लस वेळेवर द्या. साध्या सर्दीला मनानं अँटिबायोटिक देऊ नका, त्यानं पोटातले चांगले जंतूही मरतात.

हे सगळं मी आता वस्तीतही सांगते. पण या वेळी पूर्ण सांगते.